जाळीमागचा माणूस

मॅडम कॉलेजात क्रीडाशिक्षिका म्हणून लागल्या तेव्हा सॉफ्टबॉलचं मैदान म्हणजे इमारतीमागची स्कूटर लावायची जागा होती. भांडून, विनवण्या करून, प्रसंगी प्राचार्यांच्या दारात ठाण मांडून त्यांनी ती मोकळी करून घेतली. संघाला मुली पुऱ्या पडेनात, तर ग्रंथालयात अभ्यास करत बसलेल्या दोघींना उठवून आणलं. त्यातली एक चेंडू येताना दिसला की डोळे घट्ट मिटायची. वर्षभरात तीच तिसऱ्या बेसवर अशी उभी राहू लागली की समोरच्या संघाच्या मुली तिकडे चेंडू मारायला धजेनात.

लग्न राहून गेलं. खरं तर मॅडमनीच राहू दिलं. पाचव्या मजल्यावरच्या घरात त्या आणि त्यांची आई. "हिचा सगळा संसार त्या चुन्याच्या रेघांच्या आत," आई आल्यागेल्याला सांगायची. त्या संसारात पुढे बरेच चषक आले, कपाट भरलं, आणि मग एका वर्षी तोफ आली.

तोफ हे तिचं मुलींनी पाडलेलं नाव. पोर मुलखाची अबोल. पण हात गरकन फिरवून तिने खालून चेंडू सोडला की तो झेलणाऱ्या कॅचरच्या ग्लोव्हमधून असा आवाज निघायचा की वर्गातले लोक खिडकीशी यायचे. तिच्याबरोबर तिचे वडीलही आले. लिफ्ट दुरुस्तीचं काम करायचे. रोज सरावाला फलंदाजाच्या जागेमागच्या जाळीला बोटं अडकवून उभे राहायचे. कुणाशी बोलणं नाही, की कधी टाळी नाही. मधूनच दोन बारीक शिट्ट्या वाजवायचे, बस्स.

"मॅडम, ती माझ्या खुणेकडे बघतच नाही," कॅचर एकदा हळूच म्हणाली. कॅचर अंगाने बुटकी आणि तोंडाने फटकळ, पण त्या दिवशी तिचा आवाज उतरला होता. "शिट्टी वाजली की जीव खाऊन चेंडू टाकते. आणि टाकताना ओठ चावते."

मॅडमनी लक्ष ठेवलं. तोफ डाव्या हाताने वेणी घालू लागली होती, पाण्याची बाटली डाव्या हाताने उचलत होती. एका संध्याकाळी त्यांनी तिला बाजूला घेऊन उजव्या कोपराला हात लावला. कोपर तापलेलं होतं. पोरगी कळवळली. एवढंच म्हणाली, "घरी सांगू नका."

डॉक्टरांनी हाडाला बारीक चीर असल्याचं सांगितलं. मॅडमनी तोफेचा खेळ थांबवला. अंतिम सामना तोंडावर आला होता.

दुसऱ्या दिवशी वडील क्रीडा विभागाच्या खोलीत आले. खुर्ची दाखवली तरी बसले नाहीत. आवाज एकदम मऊ.

"तिला खेळवा, मॅडम. दुखणं तिच्या डोक्यात आहे."

"डॉक्टर नाही म्हणालेत. मी खेळवणार नाही."

त्यांनी मान हलवली, जणू पटलंच. मग दारापाशी थबकले. "आईंचे गुडघे कसे आहेत? परवा लिफ्टमध्ये भेटल्या. तुमच्या बिल्डिंगची लिफ्ट माझ्याकडेच असते. जुनी झालीय. जपून वापरा म्हणावं."

मॅडमनी प्राचार्यांना सांगितलं, तर ते म्हणाले, "अहो, काळजीने बोलला असेल. आणि एका सामन्याने काय बिघडतंय? खेळू द्या पोरीला." बिल्डिंगचा सेक्रेटरी तर हसलाच. इतकी वर्षं येतोय तो माणूस, एक तक्रार नाही. मॅडमनी आईला लिफ्ट वापरायला बंदी केली.

"मग काय खिडकीतून उतरू?" आई म्हणाली. मॅडमना मात्र हसू आलं नाही.

सामन्याच्या दिवशी तोफ राखीव मुलींच्या बाकावर होती. दुसरी पिचर बिचकत चेंडू टाकत होती, पण सामना हातात होता. एवढ्यात जाळीमागून दोन शिट्ट्या आल्या. तोफ उठली. ग्लोव्ह चढवला, आणि झोपेत चालावं तशी मैदानाकडे निघाली.

मॅडम आडव्या गेल्या. "बस."

"बाबा बोलावतायत."

"मला ऐकू आलं. तू बस."

पुन्हा शिट्टी झाली. बुटकी कॅचर तोंडावरची जाळी वर सारून नुसती बघत राहिली. मग तोफ मटकन बाकावर बसली आणि म्हणाली, "मॅडम, मी आज घरी जाणार नाही."

मॅडमनी वळून पाहिलं तर जाळीपाशी कुणी नव्हतं.

सामना एका धावेने गेला. त्याचं दुःख करायला मॅडमना सवड कुठे होती? परगावी नर्स असलेल्या तोफेच्या मावशीला त्यांनी फोन केला आणि पोरीला घेऊन घर गाठलं. बिल्डिंगच्या तळमजल्यावर लिफ्टचं दार सताड उघडं होतं. आत लिफ्टची केबिनच नव्हती. नुसता काळोखा खड्डा, आणि वर कुठेतरी लोंबणाऱ्या दोराची करकर.

पोरीचा हात धरून मॅडम पाच मजले कशा चढल्या ते त्यांनाही कळलं नाही.

आई खुर्चीत बसून रेडिओ ऐकत होती. "काय गं, कुत्रं लागलंय का मागे? आणि ही कोण?"

मॅडम जमिनीवरच बसल्या.

चौकशी झाली. दाराचा खटका झिजला होता म्हणे. वडील शांतपणे म्हणाले, "मी तर मैदानावर होतो, सगळ्यांनी पाहिलंय." पाहिलं होतं खरं, पण तिथून ते गेले कधी, हे कुणालाच सांगता येईना. मावशी तोफेला घेऊन गेली. वडील पुढे कित्येक दिवस, मुलगी नसतानाही, जाळीला बोटं अडकवून उभे राहायचे. पालक आहेत, म्हणून कॉलेजने त्यांना अडवलं नाही. मॅडमना मात्र हरलेल्या सामन्याचा जाब विचारून परीक्षा विभागात बसवलं. मैदानावर नवे सर आले.

मॅडमनी राजीनामा दिला आणि दूरच्या एका लहान कॉलेजात नव्याने संघ उभा केला. घर मुद्दाम तळमजल्यावर घेतलं. तोफ मावशीकडेच शिकतेय. कोपर भरून आलंय. ती पहिल्या बेसवर खेळते. पिचिंगचं नाव काढत नाही, आणि मॅडमही काढत नाहीत. सुट्टीत भेटायला आली की दार दिसेल अशीच खुर्ची घेते.

गेल्या महिन्यात नव्या कॉलेजच्या ऑफिसात फोन आला. बोलणाऱ्याने नाव सांगितलं नाही. आवाज मऊ होता, असं कारकून म्हणाला. मुलींच्या सरावाची वेळ तेवढी विचारली, आणि कारकुनाने ती सांगूनही टाकली.

मॅडमनी आधी तोफेच्या मावशीला कळवलं, मग पोलीस चौकीत जाऊन आल्या. फाटकावरच्या पहारेकऱ्याला माणसाचं वर्णन दिलं. मैदानावर मुलींना गोल बसवून सगळं सांगितलं, काहीही न लपवता. एकीने विचारलं, "मग आज सराव बंद का, मॅडम?"

"बंद कशाला? उठा," मॅडम म्हणाल्या, आणि आजवर कधी केलं नव्हतं ते केलं. सराव संपेपर्यंत त्या खेळाकडे पाठ करून फाटकाकडे बघत उभ्या राहिल्या.