छे-छे मिस्त्री आणि दाजींचं इंजिन

पडदा वर जावा तसं पत्र्याच्या शेडचं शटर कुरकुरत वर गेलं आणि सकाळचा उजेड आत शिरला. मधोमध दोन लाकडी ओंडक्यांवर ट्रकच्या इंजिनाचा ब्लॉक पोट वर करून पडलेला. शेजारी मेणकापडात गुंडाळलेला क्रँकशाफ्ट. भिंतीला टेकून नवे पिस्टन, कोपऱ्यात भंगारातल्या बसचा काढून आणलेला टर्बो. हातात चहाचा ग्लास आणि कपाळावर चष्मा अशा थाटात मिस्त्री आत आले, आणि दोन पावलं टाकून तिथेच थांबले.

फरशी लख्ख होती.

त्या शेडच्या आयुष्यात फरशी अशी कधी दिसली नव्हती. काल संध्याकाळी तिच्यावर एक फुलाफुलांची चादर होती आणि चादरीवर इंजिनाचे सगळे सुटे भाग ओळीने मांडलेले होते. आता चादर नव्हती. भागही नव्हते. मागच्या दाराशी पालथ्या डब्यावर त्यांची धाकटी बहीण बसली होती, पदर खोचून, कोपरापर्यंत काळी. तिच्यासमोर तीन घमेली होती आणि घमेल्यांत सगळं लोखंड आरशासारखं चमकत होतं.

"दादा, बघ कसं निघालंय!" ती कौतुकाने म्हणाली.

"चादर कुठाय?"

"वाळत घातलीय. माझी चादर आहे ती! यांनी न विचारता कपाटातून उचलून आणली, आणि तू तिच्यावर हा पसारा मांडून बसलास. मी पहाटे आले ती भांडायलाच. पण तू झोपलेला. मग म्हटलं, चादर धुतेच आहे तर सामान तरी का तसंच ठेवायचं? सगळं रॉकेलने पुसून काढलं. मोठं मोठ्यात, लहान लहानात. एकसारखं एकत्र लावलंय."

"छे," मिस्त्री म्हणाले. मग ग्लास खाली ठेवून, डोकं धरून, पुन्हा म्हणाले, "छे, छे, छे, छे!"

या शब्दावरूनच गल्लीने त्यांचं बारसं केलं होतं. कुणी विचारलं, गाडी उद्या मिळेल का, की छे छे. हे स्वस्तात होईल का, छे छे. मग गाडी बहुतेक उद्याच मिळायची आणि कामही स्वस्तातच व्हायचं, पण आधी दोनदा नाही म्हटल्याशिवाय मिस्त्रींचा पाना उचलला जात नसे. सगळी नोकरी त्यांनी बस डेपोच्या वर्कशॉपमध्ये काढली. निवृत्त झाल्यावर घरामागे ही शेड टाकली, आणि तेव्हापासून त्यांच्या मते जगातले निम्मे लोक इंजिन बिघडवायला जन्माला आले होते आणि उरलेले सल्ला द्यायला.

सल्ला देणाऱ्यांत पहिला नंबर दाजींचा, म्हणजे बहिणीच्या नवऱ्याचा. ट्रक त्यांचाच. खाणीतून दगड भरायचा आणि चढावरून वर क्रशरपर्यंत न्यायचा, हे त्यांचं काम. ट्रक म्हातारा झाला होता. चढाच्या वळणावर हमखास धापा टाकत थांबायचा आणि मागे रांग लागायची. शेवटी खाणीच्या मुकादमाने सांगितलं, सोमवारी भरलेली गाडी न थांबता वर आली तर काम चालू, नाहीतर दुसरी गाडी लावतो. काम गेलं तर ट्रक विकावा लागणार होता. आणि त्या ट्रकवरच बहिणीचं घर चालत होतं. तिच्या शिवणकामातून भाजीपाला निघायचा, बाकी काही नाही.

"दादा, करायचंच तर डबल ताकद करून टाका," दाजींनी पहिल्याच दिवशी फर्मावलं होतं.

"छे छे. दाजी, इंजिन आहे ते, फुगा नाही. हवा भरत गेलो तर फुटेल. आपण थोडंसं करायचं. नवे लायनर-पिस्टन, नोझल नवे, डिझेलचा पंप जरा उघडायचा आणि जास्त हवा ओढायला हा छोटा टर्बो."

"हा? हा तर चहाच्या किटलीएवढा आहे!"

"तुमच्या खिशाएवढा आहे."

त्यावर दाजी जाताना टर्बोकडे असं बघून गेले, जसं कुणी ठरलेल्या सोयरिकीत नवरामुलगा बुटका निघाल्यावर बघतं.

आणि आता हे घमेलं.

मिस्त्री घमेल्यापाशी उकिडवे बसले. त्यात लोखंडी कमानींसारख्या सात कॅप होत्या. क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनाचा फिरता दांडा, ब्लॉकमध्ये बसवला की त्याच्यावर या कॅप आवळतात. प्रत्येक कॅप आपल्या जागेबरोबरच घासून गोल केलेली असते. तिची जागा बदलली तर दांडा अडकतो, आणि जबरदस्तीने फिरवला तर इंजिन पहिल्याच चढावर जाम होतं. पहिली आणि शेवटची वेगळ्या घाटाच्या, त्या ओळखू आल्या. मधल्या पाच मात्र जुळ्या भावंडांसारख्या. त्यांच्यावरचे कारखान्याचे नंबर आधीच्या कुणा कारागिराने घासून टाकले होते.

"कुठली कॅप कुठली ते कळायला पंचाने ठिपके मारून ठेवतात ना रे?" बहिणीने हळूच विचारलं. "त्या कोपऱ्यावरचा मेकॅनिक मारतो. मी पाहिलंय."

नेमकं हेच मिस्त्रींना झोंबलं. त्यांनी कधीच ठिपके मारले नव्हते. इंजिनाच्या पोटात भाग जसे असतात तसेच जमिनीवर मांडायचे, ही त्यांची रीत. डेपोतली पोरं त्यांची मांडणी बघायला यायची. ठिपके मारतो तो स्वतःच्या हातावर विश्वास नसलेला, असं ते छाती पुढे काढून सांगायचे. आता तीच छाती घमेल्यावर वाकली होती.

"तुला कुणी सांगितलं होतं हात लावायला?"

"आणि तुला कुणी सांगितलं होतं माझ्या चादरीवर इंजिन झोपवायला?"

तेवढ्यात दाजी आले. प्रकार कळल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला. "शहरात मशीनवर सगळं नव्याने गोल घासून देतात म्हणे."

"देतात. पंधरा दिवसांनी. आणि त्याचे पैसे द्यायला हा टर्बो परत भंगारवाल्याकडे जाईल. मग सोमवारी काय ढकलत नेणार आहात?"

"मग आता?"

"आता तुम्ही चहा प्या. दुसरं काही करू नका. कशालाही हात लावू नका. श्वाससुद्धा तिकडे तोंड करून घ्या."

मिस्त्रींनी क्रँक जागेवर ठेवला आणि एकेक कॅप बसवायला घेतली. बसवायची, आवळायची, दांडा हाताने फिरवून बघायचा. अडकला. काढायची, दुसरी लावायची. पुन्हा अडकला. दुपार झाली, पाठ धरली, आणि प्रत्येक अडकण्याबरोबर एक छे पडत होता. बहीण जेवण घेऊन आली ती परत गेलीच नाही. ती ब्लॉककडे वाकून बघत राहिली.

"दादा, या रेघा कसल्या?"

"कसल्या रेघा? हत्याराच्या. घासताना पडतात."

"नाही, म्हणजे ही रेघ ब्लॉकवर अशी तिरकी येते आणि कडेला संपते. मग ती पुढे कॅपवर जायला हवी ना? चौकडीच्या शर्टाला खिसा लावताना मी रेघेला रेघ जुळवते. नाही जुळली तर गिऱ्हाईक शर्ट तोंडावर मारतं."

"छे छे, हे काय शिवणकाम आहे?"

तरी त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. बॅटरी धरली. मग एक कॅप उचलली, नखाने तिची कड चाचपली आणि बहिणीच्या हातात दिली. "लाव बघू तुझा खिसा."

तीन कॅप तिने जुळवल्या आणि तिन्ही वेळा दांडा लोण्यासारखा फिरला. उरल्या दोन. त्यांवरच्या रेघा पार पुसट झालेल्या. तिने लावल्या, दांडा अडकला. दाजी दारातून म्हणाले, "बोंबला!" मिस्त्रींनी त्या दोन्हींची अदलाबदल केली, बोल्ट आवळले, दोन बोटांनी क्रँकचं टोक धरलं आणि फिरवलं. तो फिरला. आणखी एकदा फिरवलं. मग त्यांनी कपाटातून पंच आणि हातोडी काढली, ती बहिणीला दिली आणि स्वतः तोंड फिरवून उभे राहिले. "मार ठिपके. एकाला एक, दोनला दोन. आणि बाहेर कुणाला सांगायचं नाही."

सोमवारी ट्रक खाणीच्या तळाशी उभा होता, दगडांनी काठोकाठ भरलेला. दाजी स्टिअरिंगवर, शेजारी मिस्त्री. चढाच्या माथ्यावर मुकादम शिट्टी तोंडात धरून, आणि त्याच्यापासून चार पावलांवर बहीण.

"सोडू?" दाजींनी विचारलं.

"हळू. दुसऱ्या गिअरवर. दाबू नका."

गाडी निघाली. टर्बो आधी कुजबुजला, मग सूर धरला. वळण आलं. इथेच गाडी नेहमी अडायची. दाजींचा पाय आपोआप खाली जाऊ लागला तसे मिस्त्री ओरडले, "दाबू नका म्हटलं ना! काळा धूर कशाला काढताय? ओढतेय ती, ओढू द्या तिला!"

"थांबेल हो!"

"तुम्ही थांबवाल. ती नाही थांबत!"

गाडी रेंगाळली, हुंकारली, एक-एक चाक वर चढवत वळण ओलांडून पुढे आली. तापमानाचा काटा लाल रेघेच्या जरा अलीकडे थरथरत राहिला. माथा आला. मुकादमाने शाबासकी वगैरे काही दिली नाही. शिट्टी मारली, हात हलवला आणि म्हणाला, "पुढे घ्या, पुढे घ्या, मागे गाड्या आहेत. उद्या सकाळी पहिल्या खेपेला या."

बहीण रस्त्याच्या कडेला खालीच बसली. दाजींनी गाडी क्रशरजवळ आणली, टाळी वाजवली आणि खाली उडी मारायच्या घाईत चावीकडे हात नेला. मिस्त्रींनी तो हात वरचेवर धरला.

"लगेच बंद नका करू, दाजी. टर्बो तापलाय, त्याला दोन मिनिटं सावकाश फिरू द्या. तोवर तुम्हीपण जरा गप्प बसा."