सचिवांची गुरुवारची फेरी

गेल्या जानेवारीत एका गुरुवारी सकाळी आमच्या दिल्लीच्या मराठी मंडळातल्या, गाझियाबादच्या एक आजी न्हाणीघरात पडल्या. त्या एकट्या राहत. गुरुवारी कामवालीची सुट्टी असे. शुक्रवारी सकाळी तिने स्वतःजवळच्या किल्लीने दार उघडलं, तेव्हा त्या सापडल्या. गुरुवारी दुपारी त्यांची विचारपूस करायला जाण्याचं काम आमच्या सचिवांकडे होतं.

जाब विचारण्याची एवढी हौस असलेला माणूस दिल्लीत दुसरा नसावा. केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी मंडळाचं सेवाकार्य हाती घेतलं आणि आम्हा सगळ्यांना धाक बसवला. "फुकट करतो म्हणजे कसंही करतो असं नाही," हे त्यांचं म्हणणं. काम चुकलं की सभेत उभं राहून "मी केलं नाही" एवढंच म्हणायचं, कारण सांगायचं नाही. रक्तदान शिबिरात बिस्किटं उशिरा आणणारा म्हणाला, "काका, ट्रॅफिक होता यार." काका म्हणाले, "ट्रॅफिक आपला सभासद नाही." तिळगुळाच्या कार्यक्रमाला स्वतः सहा मिनिटं उशिरा आले, तेव्हा तेही उभे राहिले. मुलांनी टाळ्या वाजवल्या. "टाळ्या कसल्या? चूक आहे ही," असं म्हणून ते मुलांवरच रागावले. विचारपुशीची फेरी फोनवर उरकायला त्यांनी बंदी केली होती. फोनवर सगळेच बरे असतात, असं ते म्हणत.

त्या गुरुवारी ते गुरुग्रामला गेले होते. तिथल्या एका इंजिनिअर सभासदाने लागोपाठ दोन फेऱ्या चुकवल्या होत्या, आणि त्याला समोरासमोर विचारायचं होतं. त्याची मीटिंग संपेपर्यंत ते सोसायटीच्या गेटपाशी बसून राहिले. परत यायला संध्याकाळ झाली. आजींना फोन करावा असं त्यांच्या मनात आलं होतं, पण फोन म्हणजे फेरी नव्हे. उद्या सकाळी जाऊ, असं त्यांनी ठरवलं.

आजी अकरा दिवस रुग्णालयात होत्या. सचिव रोज जात. एकदा त्या म्हणाल्या, "तुमची बेल वाजेल म्हणून कान देऊन पडले होते हो."

त्या गेल्यानंतरच्या सभेत सचिव उभे राहिले. "मी गेलो नाही," ते म्हणाले.

 मग गुरुग्रामचा इंजिनिअरच म्हणाला, "छोडो ना काका. वय झालं होतं त्यांचं."

"वयाची पाळी नव्हती, माझी होती. विचारा मला. कोणीतरी विचारा."

कोणी विचारलं नाही. एकाने हात धरून त्यांना खाली बसवलं, दुसऱ्याने चहा दिला. इतिवृत्त मी लिहीत होतो. "निदान लिहून तरी ठेवा," ते मला म्हणाले. मी मान हलवली.

त्या सभेच्या इतिवृत्तात दोन ठराव आहेत. पहिला आजींना श्रद्धांजलीचा. दुसरा सचिवांच्या निःस्वार्थ सेवेबद्दल आभाराचा, एकमताने मंजूर. खाली माझी सही आहे.