अक्कांच्या उंबऱ्याबाहेरचे शिंपले

सात रस्ता चौकाजवळच्या आमच्या छोट्याशा लॅबमध्ये मोत्यांच्या शेतीतले शिंपले तपासायला येतात. शिंपले जातात, किस्से मागे राहतात. त्यातले बहुतेक आमच्या प्रमुखांचे, म्हणजे अक्कांचे!

*

माझा पहिला दिवस. घरी दीड वर्षाची मुलगी, त्यामुळे माझ्या डोक्यात कायम इन्फेक्शन! शिंपल्याच्या कल्ल्यांत वळवळणारे जंत बघून मी दचकले. "अक्का, हे माणसाला होतात का?"

"नाही गं. झाले असते तर सगळ्यांनी केव्हाच लक्ष दिलं असतं!"

*

बाहेरून आलेला माल आधी वेगळ्या टाकीत, हा अक्कांचा नियम. "नवी सून माप ओलांडून आत येते, नवा शिंपला उंबऱ्याबाहेरच!"

लॅब बघायला आलेले एक साहेब हसले. "शिंपले काय पळत जाऊन रोग पसरवणार?"

"पळतात कशाला, साहेब? ट्रकनं येतात की!"

*

मी जाळ्या, बादल्या, बूट धूतच बसायचे. एकदा तर मुलीचं रबरी बदकही मिठाच्या पाण्यात बुडवलं. अक्कांना कळलं तेव्हा वाटलं, गेली नोकरी! त्यांनी सफाईचा सगळा चार्जच मला दिला. "मला घाबरट माणूसच हवं होतं!"

माझ्या स्वभावाला पहिल्यांदाच डेसिग्नेशन मिळालं.

*

मोत्यांची शेती करणाऱ्या कुंभारीच्या मल्लप्पांनी परराज्यातून शिंपले आणून थेट टाकीत सोडले आणि मग नमुना आमच्याकडे पाठवला. कल्ल्यांत इकडे कधी न दिसलेले जंत! अक्का तडक कुंभारीला, मागून मी.

"सगळे नष्ट करावे लागतील, मल्लप्पा."

"मारायचे? आमच्यात अंडं बी चालत न्हाय, अक्का! जेऊरला भैन हाय. तितं उजनीच्या पाण्यात सोडतो. जीव तर वाचतील की!"

"हे वाचतील हो. उजनीतल्यांचं काय?"

मल्लप्पांनी हातातली जाळी खाली ठेवली. मग म्हणाले, "माज्या हातानं व्हनार न्हाय."

अक्काही पक्क्या शाकाहारी. "पाणी उकळायला ठेवा," एवढंच म्हणाल्या. मल्लप्पा पाठ फिरवून उभे राहिले. अक्कांनी स्वतः उकळतं पाणी ओतलं, चुना टाकून सगळे पुरले. टाकीतला थेंबही ओढ्यात जाऊ दिला नाही.

दुसऱ्या दिवशी मी उपम्याचा डबा पुढे केला. अक्कांनी तो परत सरकवला.

"आज उपास आहे."

"आज? कसला?"

त्या मायक्रोस्कोपमधून डोकं वर काढेनात.

तेवढ्यात दारात मल्लप्पा, हातात भगरीचा डबा.

"घ्या, अक्का. आमच्या घरात बी आज सगळ्यांचा उपास हाय."