एकच ओरखडा

नव्वदच्या दशकात आम्ही कळंब्याला राहत होतो. तेव्हा मला काचेच्या नळ्यांचं वाद्य करायचं वेड लागलं. लहान-मोठ्या आठ नळ्या दोऱ्यानं टांगायच्या आणि लाकडी काडीनं वाजवायच्या, एवढाच बेत. प्रयोगशाळेचं सामान मिळतं त्या दुकानातून लांब नळ्या आणल्या. कापायला हॅक्सॉचं पातं घेतलं. घासघास घासून मोडली तर पहिली नळी वाकडीतिकडी तुटली आणि दुसरीनं माझा अंगठा फाडला.

शेजारच्या मावशी सरकारी दवाखान्यातून नर्स म्हणून निवृत्त झालेल्या. त्यांच्याकडं पट्टी बांधून घ्यायला गेलो.

"काय कराय लागलायस रं?" जखम धुताधुता त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. त्या हसतील असं वाटलं होतं.

"आण बघू एक नळी," त्या म्हणाल्या.

त्यांनी कपाटातून बोटाएवढी चपटी कानस काढली. नोकरीभर इंजेक्शनच्या काचेच्या कुप्या त्यांनी असल्याच कानशीनं उघडल्या होत्या.

"करवतीगत घासायचं न्हाय. एकच ओरखडा. पर ठाम."

किर्र झालं. ओल्या बोटानं त्यांनी ओरखडा भिजवला, नळीभोवती फडकं गुंडाळलं. ओरखडा पलीकडच्या बाजूला ठेवून त्याच्या बरोबर मागं दोन्ही अंगठे टेकवले आणि नळी दोन्हीकडं ओढत हलकंच वाकवली. टक्! कड इतकी सपाट, की मी बघतच राहिलो.

अंगठा बरा झाल्यावर त्यांच्यासमोर बसून मीही कापायला शिकलो. माझ्या पहिल्या दोन नळ्या फुकट गेल्या. "भितोयस म्हणून तुटत्यात," एवढंच त्या बोलल्या. तिसरी नीट तुटली. कडा ओल्या पॉलिश पेपरवर घासायलाही त्यांनीच लावलं.

आठही नळ्या टांगल्या, तेव्हा एक स्वर बोचत होता. मला कळेना कुठला. मावशी बुद्धविहारातल्या कार्यक्रमांत पेटी वाजवायच्या, हे मला तोवर ठाऊकच नव्हतं. त्यांनी घरातून पेटी आणली, एकेक पट्टी दाबून नळीशी ताडून पाहिली.

"ह्यो गंधार उतरलाय की! जरा आखूड कर."

एवढा बारीक तुकडा तोडता येत नाही. दुपारभर आम्ही आळीपाळीनं ती कड ओल्या पॉलिश पेपरवर घासली. मधेच त्या वाजवून बघत, मान हलवत आणि परत माझ्या हातात देत. ऊन कलल्यावर एकदाची त्यांनी मान डोलावली. मग काडी स्वतःच घेतली आणि विहारातलं एक गाणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजवलं.