मागची सीट

नोकरी सांभाळून शनिवार-रविवारी पुन्हा वर्गात बसायचं मी ठरवलं, तेव्हा नवरा म्हणाला, "यार, हा कोर्स आधी तुलाच हवाय." कामाच्या ठिकाणी माणसांचं मन कसं सांभाळावं, या विषयातला पदव्युत्तर अभ्यासक्रम होता. नोएडातल्या आयटी कंपनीत एचआरचं काम करून करून माझी चिडचिड इतकी वाढली होती, की त्याचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. बाबांना मात्र मनापासून आनंद झाला. केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त झालेले बाबा आई गेल्यापासून आमच्याकडेच असतात, आणि घरात कुणीतरी परीक्षेला बसतंय म्हटलं की त्यांना हुरूप येतो.

वर्गात आम्हाला जोड्या करून बसवत. एकाने मनातलं बोलायचं. दुसऱ्याने सल्ला द्यायचा नाही, फक्त ऐकायचं, आणि मग त्याचंच म्हणणं आपल्या शब्दांत त्याला परत सांगायचं. मला हे झकास जमायचं. मॅडम सगळ्यांसमोर मलाच करून दाखवायला सांगत. मग काय, माझ्या अंगातच आलं. आमटी खारट झालीय असं नवरा म्हणाला, तर मी म्हणाले, "म्हणजे जेवणाच्या बाबतीत आज तुझी थोडी निराशा झालीय." बाबा ठसका लागेपर्यंत हसले. नवराही हसला.

आमच्या सोसायटीत गाडी गेटमधून आत आली की घरच्यांच्या फोनवर निरोप येतो. तो आला की मी चहा टाकायची, आणि चहाला उकळी येईतो नवरा दारात हजर. त्या हिवाळ्यात हे गणित बिघडलं. निरोप यायचा, चहा उकळून उकळून काळा व्हायचा, पण माणसाचा पत्ता नाही. कुणाचा तरी फोन चालू असेल असं मी धरून चालले, आणि तो आला की फणकाऱ्याने दुसरा चहा ठेवू लागले.

मग एका रविवारी वर्गात मॅडम म्हणाल्या, की कामाने पिचलेला माणूस घरी येताना बरेचदा दाराबाहेर रेंगाळतो. ऑफिस पुरतं उतरलेलं नसतं, आणि ते घेऊन घरात यायचं नसतं. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. खरं सांगायचं तर काळजी वाटायच्या आधी मला आनंद झाला. पुस्तकातलं उदाहरण माझ्याच घरात सापडलं होतं.

दुसऱ्या दिवशी निरोप आला तशी मी लिफ्टने बेसमेंटमध्ये गेले. तो गाडी बंद करून स्टिअरिंगवर हात ठेवून बसला होता. मी शेजारी जाऊन बसले.

"आत्ता बोलूया का? तुला चालेल?" मी अगदी शिकवल्याप्रमाणे विचारलं.

त्याने स्टिअरिंगवरचे हात खाली घेतले. मग म्हणाला, "आज मीटिंगला मला बोलावलंच नाही. माझाच प्रोजेक्ट, आणि टीमचा लीड आता दुसराच कुणी. मी आपला डेस्कवर बसून..."

"म्हणजे तुला डावलल्यासारखं वाटलं," मी म्हणाले.

त्याने माझ्याकडे पाहिलं. "हे कोर्सचं आहे का?"

"नाही रे."

"बिल्कुल कोर्सचं आहे. चलो, वर जाऊ."

लिफ्टमध्ये तो मोबाइल बघत राहिला. मला त्याचा रागच आला. मी एवढं आपणहून खाली आले, आणि ह्याला त्याची किंमत नाही!

पण त्यानंतर तो वेळेवर वर येऊ लागला. गेटचा निरोप आला की उकळी येईतो दारात. मी खूश. एकदा ऐकून घेतलं तरी केवढा फरक पडतो, हे मी वर्गात नाव न घेता सांगितलंसुद्धा. मॅडमनी मान डोलावली.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला एका संध्याकाळी जेवताना तो म्हणाला, "मी आज राजीनामा दिला." पाण्याची टाकी उद्या धुणार आहेत, असं सांगावं तशा आवाजात. मी बाबांकडे पाहिलं. ते खाली मान घालून भात कालवत होते. त्यांना हे नवीन नव्हतं.

"मला का नाही सांगितलंस?"

"तू विचारायला लागलीस ना, की मला इंटरव्ह्यू दिल्यासारखं वाटतं," तो म्हणाला. रागाने नाही. रागाने म्हणाला असता तर मी भांडले तरी असते.

तो उठून गेल्यावर मी बाबांना धारेवर धरलं. तेव्हा कळलं ते असं. तो वेळेवर वर येत होता, कारण आता तो गेटच्या आत नव्हे, बाहेर सेक्टरच्या मार्केटपाशी गाडी लावून बसत होता. तिथून घरी निरोप जात नाही. बाबांना तो संध्याकाळच्या फेरीत दिसला, आणि ते रोज मागचं दार उघडून थोडा वेळ बसू लागले.

"काय बोलायचात तुम्ही?"

"अगं, मी काहीच विचारलं नाही. तोच कधीतरी बोलायला लागला." मग म्हणाले, "सरोजिनी नगरला मी स्कूटरवर बसून राहायचो, आठवतं?"

न आठवायला काय झालं! ऑफिसातून आले की बाबा दिल्लीतल्या आमच्या सरकारी क्वार्टरखालच्या कडुनिंबाशी स्कूटर लावत आणि तिच्यावरच बसून राहत. आई मला पिटाळायची. मी धावत जाऊन त्यांचा हात ओढायची, "बाबा, चला ना, चहा गार होतोय!" ते लगेच उठायचे. ही माझी आवडती आठवण होती.

"तू आलीस की बरं वाटायचं," बाबा म्हणाले. "फक्त वाटायचं, हिने ओढू नये. मागच्या सीटवर चढून बसावं जरा."

पदवी मिळाली. मार्क चांगले पडले. नवऱ्याला गुडगावात दुसरी नोकरी लागली, पण मार्केटपाशी थांबणं सुटलेलं नाही. बाबांचे गुडघे आता दुखतात, त्यांची फेरी बंद झालीय. म्हणून परवा मीच चालत गेले. गाडी दिसली. काही बोलायचं नाही असं स्वतःला बजावत मी मागचं दार उघडलं आणि गुपचूप बसले.

त्याने आरशातून मला पाहिलं, आणि लगेच गाडी सुरू केली.

"चलो," तो म्हणाला, "चहा गार होईल."