घसाबाईंचा गाजलेला तास

विद्यापीठात अरबी शिकवणाऱ्या बाईंना मुलं पाठीमागे 'घसाबाई' म्हणत. काही अक्षरं घशाच्या तळातून यावीत म्हणून बाई त्यांना घसा कोरडा पडेपर्यंत घोकायला लावत. शिक्षकांच्या खोलीत माझं टेबल त्यांच्या शेजारी, त्यामुळे हे नाव मीच त्यांच्या कानावर घातलं. त्या चक्क खूश झाल्या.

'संस्कृती आणि संवाद' हा त्यांचा तास तुडुंब भरे. फळ्यावर दोन रकाने: लोक काय म्हणतात आणि त्यांना काय म्हणायचं असतं. 'इन्शाअल्ला' म्हणजे देवाची इच्छा असेल तर. त्यासमोर बाई लिहीत, 'बहुधा नाही.' वर्ग खो खो हसे.

त्यांची सगळ्यात गुणी विद्यार्थिनी शिकता शिकता एका इस्पितळात दुभाषी म्हणून जाऊ लागली. तिथे डोळ्याचा पडदा सुटलेले एक म्हातारे गृहस्थ आले. एका अरब देशातून लेकीकडे राहायला आले होते. लेक त्या वेळी कामावर होती. डॉक्टरांनी विचारलं, "उद्या सकाळी ऑपरेशनला येणार ना?"

"इन्शाअल्ला," ते म्हणाले.

विद्यार्थिनीने डॉक्टरांना सांगितलं, "ते सभ्यपणे नको म्हणताहेत."

डॉक्टरांनी ती वेळ दुसऱ्या रुग्णाला दिली. म्हातारबाबा मात्र सकाळी सातला उपाशीपोटी दारात हजर! पुढची वेळ मिळाली पाच दिवसांनी. तोवर तो डोळा हातचा गेला होता.

"बाई, तुम्हीच तसं लिहिलं होतंत," विद्यार्थिनी आमच्या खोलीत येऊन रडत म्हणाली.

विभागप्रमुखांनी बजावलं, "तुमचा काय संबंध? लेखी काही देऊ नका." बाईंनी त्याच दुपारी इस्पितळाला पत्र लिहिलं, चूक आपल्या शिकवण्याची आहे म्हणून. मग त्या म्हाताऱ्यांच्या घरी निघाल्या. मी सोबत गेले.

लेकीने दार अर्धवटच उघडलं. आतून म्हातारबाबांनीच "येऊ दे" म्हटलं. बाई अरबीत सगळं सांगत गेल्या, काही न लपवता. लेक माझ्यासाठी तुटक तुटक अर्थ सांगत होती.

ऐकून घेऊन ते म्हणाले, "तुमची अरबी माझ्यापेक्षा शुद्ध आहे. मग त्या पोरीला 'म्हणजे येताय ना?' एवढं पुन्हा विचारायला का नाही शिकवलंत?"

म्हातारबाबांनी माफ केलं नाही, रागही केला नाही. डोळ्यात थेंब घालायची वेळ झाली होती, म्हणून लेकीने आम्हाला उठवलं.

पत्रामुळे बाईंचा तो तास काढून दुसऱ्यांना दिला. त्याचं त्यांना फारसं वाटलं नाही. जीव तुटत होता तो त्या मुलीसाठी. दोनदा त्या तिच्या वसतिगृहावर गेल्या. "दोष माझा आहे, तू अरबी कशाला सोडतेस?" म्हणून हात धरून विनवलं.

"बाई, आता कुणी साधं 'हो' म्हटलं तरी त्याचा अर्थ काय, ते मला कळेनासं होतं," ती म्हणाली.

पुढच्या सत्रात तिने अरबीसाठी नाव नोंदवलं नाही.