ब्रदर वेस्टन जे बोलले नव्हते

ही गोष्ट मी पाच वर्षं पोटात ठेवली आहे. बायकोला सांगितली नाही, आमच्या सभेच्या प्रमुखांना सांगितली नाही, आणि प्रार्थनेत – जिथे म्हणे काही लपत नाही – तिथेही तिला बगलच देत आलो. तुम्हाला आज का सांगतोय? नीट सांगता येणार नाही. सांगतोय, एवढंच.

आधी मी कोण, ते. आमच्या घराण्याकडे कधी काळी दरबारातल्या देवघराची पूजा होती. पाच पिढ्या ग्वाल्हेरात गेल्या. मी इंदरगंजात इंग्रजीची शिकवणी घेतो, आणि पस्तिशीत मी मॉर्मन झालो, म्हणजे अमेरिकेतून आलेल्या एका ख्रिस्ती पंथात गेलो. नातेवाइकांना तो शब्द अजून नीट उच्चारता येत नाही, त्यामुळे ते मला 'चहा न पिणारा' म्हणतात. चूक नाही त्यांची. आमच्यात चहा-कॉफी वर्ज्य. ग्वाल्हेरात चहा नाकारायचा म्हणजे दर घरी उंबऱ्यापासूनच रुसवा सुरू.

आमच्या लोकांची एक खोड आहे – आपल्यातली मोठी माणसं मोजत बसायची. रविवार पवित्र म्हणून अंतिम सामना न खेळलेला अमुक खेळाडू आपला, तमुक मालिकेतली नटी आपली. बाहेरच्या जगाला त्यांचं फारसं काही नसतं. आमच्या घराघरात त्यांचे फोटो असतात. थोडी माणसं असली की हे असंच होत असावं. इथली आमची मराठी मंडळी तरी वेगळं काय करतात? कुणाचंही नाव पेपरात आलं की आधी आडनाव बघतात.

तर ब्रदर वेस्टन. अमेरिकेतले आमच्या पंथाचे गायक. 'कुटुंब मरणानंतरही एकत्र राहतं' या आमच्या शिकवणीवरची त्यांची गाणी मी वीस वर्षं ऐकत होतो. ते भारतात फिरायला येणार, किल्ला पाहायला ग्वाल्हेरला थांबणार आणि रविवारी आमच्या भाड्याच्या हॉलमध्ये साक्ष देणार, असं कळलं. साक्ष म्हणजे आपला विश्वास उभं राहून सगळ्यांसमोर सांगणं. महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही उपास धरतो आणि ज्याला वाटेल तो उठून बोलतो. त्यांचं बोलणं हिंदीत मी सांगायचं, असं ठरलं.

मी तीन महिने सगळ्यांचे कान किटवले. पाटणकर बाजारात माझ्या मेहुण्याचं कापडाचं दुकान आहे. तो म्हणाला, 'जिजाजी, ग्वाल्हेरमध्ये गवयांची काय कमी पडून राहिली, की तुम्ही बाहेरून मागवून राहिलेत?' मी त्यालाही बोलावलं. म्हटलं, येऊन बघ, आमची माणसं कशी असतात.

आणि मालतीताईंना बोलावलं. त्यांना बोलावण्याची गरज नव्हती, त्या दर रविवारी शहराच्या दुसऱ्या टोकाहून, हजीऱ्याहून, दोन टेम्पो बदलून येतच. मालतीताई मोहिते. त्यांचा विक्रम माझ्याकडे शिकवणीला होता. एकोणिसाव्या वर्षी मोटरसायकलवरून पडला आणि गेला. नवरा आधीच गेलेला. मीच त्यांना सांगितलं होतं की आमच्यात असं मानतात, मुलगा पुन्हा भेटतो. त्या तेवढ्यासाठी आल्या. पंथाच्या बाकीच्या शिकवणीत त्यांना किती रस होता, मला माहीत नाही.

तो रविवार आला. हॉल भरला होता. ब्रदर वेस्टन उभे राहिले – उंच, थकलेले, गाण्यांच्या फोटोतल्यापेक्षा बरेच म्हातारे. गायले नाहीत. हळू आवाजात म्हणाले की सहा वर्षांपूर्वी त्यांचा मुलगा वारला. त्यानंतर वर्षभर त्यांना प्रार्थना करता आली नाही. स्टेजवर ते गात राहिले आणि घरी येऊन गप्प बसत. आजही, ते म्हणाले, तो पुन्हा भेटेल हे मला ठाऊक नाही. मी फक्त आशा करतो. हे मी आजवर कुठल्याही सभेत बोललेलो नाही.

मग ते माझ्याकडे वळून थांबले.

किती वेळ मिळतो अशा वेळी? दोन श्वास. तेवढ्यात मी मागच्या रांगेत हाताची घडी घालून बसलेल्या मेहुण्याकडे पाहिलं. मालतीताईंकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर पुढचं सोपं झालं असतं, निदान दुःखी बाईसाठी केलं असं स्वतःला सांगता आलं असतं. पण नाही. मला माझी पडती बाजू दिसली. तीन महिने ज्याचा डंका पिटला, तो माणूसच म्हणतोय की मला ठाऊक नाही!

मी माइकवर हिंदीत सांगितलं की मुलगा गेल्यावर ब्रदर वेस्टन यांनी वर्षभर रोज पहाटे गुडघे टेकून प्रार्थना केली, एक दिवससुद्धा चुकवली नाही. आणि एका सकाळी मुलगा त्यांच्यासमोर उभा राहिला. म्हणाला, पपा, मी ठीक आहे.

इंग्रजी बोलणारे आमचे दोन तरुण प्रचारक त्याच आठवड्यात बदलून दुसऱ्या शहरात गेले होते. बाकीच्यांना तो अमेरिकन उच्चार कळत नव्हता. हॉलमध्ये लोक रडत होते. मेहुण्याने हाताची घडी सोडली. मालतीताई उठून पुढे आल्या आणि त्यांनी त्या गायकाचा हात दोन्ही हातांत धरला. तेही रडले. त्यांना वाटलं, आपलं खरं या लोकांनी पदरात घेतलं.

मला काय वाटलं? खरं सांगतो – समाधान वाटलं. कार्यक्रम छान झाला असं वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून मालतीताईंनी सहाचा गजर लावला. रोज गुडघे टेकून प्रार्थना. गुडघे दुखायचे, तर खाली विक्रमची जुनी उशी घ्यायच्या. हे त्या मला दर रविवारी सांगत, हिशेब दिल्यासारखं नाही, आनंदानं सांगत. वर्ष झालं. विक्रम आला नाही. जिन्यात मला थांबवून त्यांनी विचारलं, 'भाऊ, त्यांना तर दिसला ना? मग माझ्यातच काही गडबड असेल.' मी म्हणालो, धीर धरा.

पुढच्या उपासाच्या रविवारी त्या बोलायला उठल्या. त्या बाई कधी चारचौघांत बोललेल्या नव्हत्या. म्हणाल्या, विक्रमच्या तेराव्याला जाऊबाईंनी फार आग्रह केला, तेव्हा मी अर्धा कप चहा प्यायले होते. तेव्हा मला नियम माहीत नव्हता, पण नंतरही दोनदा प्यायले, तेव्हा माहीत होता. म्हणून माझा मुलगा येत नाही. मला माफ करा.

मी त्यांच्यापासून चार हातांवर, अनुवादकाच्या खुर्चीत बसलो होतो. माइक माझ्याच पुढ्यात होता. मी मूग गिळून बसलो.

इथवर आलात तर तुम्ही म्हणाल, घाबरला असेल बिचारा. थांबा. अजून आहे.

गेल्या महिन्यात मालतीताईंना कुणीतरी मोबाइलवर एक व्हिडिओ पाठवला. ब्रदर वेस्टन अमेरिकेत कुठेतरी भाषण करतायत, मागे पडद्यावर आमच्याच हॉलमधला फोटो – हिरव्या लुगड्यातल्या मालतीताई, त्यांचा हात धरलेल्या. व्हिडिओ घेऊन त्या माझ्या शिकवणीच्या जागी आल्या. मुलं जाईपर्यंत बाहेरच्या बाकावर बसून राहिल्या. मग म्हणाल्या, 'भाऊ, बघा तर, माझ्याबद्दल काय बोलून राहिलेत ते.'

मी ऐकलं. ते सांगत होते की प्रार्थना सुटल्याचं आणि काहीच ठाऊक नसल्याचं मी आयुष्यात प्रथम बोललो ते भारतातल्या एका लहानशा हॉलमध्ये. तिथे या बाईनं माझा हात धरला. तिचंही मूल गेलं होतं, हे मला नंतर कळलं. तिला माझं 'ठाऊक नाही' समजलं होतं.

या वेळी मेहुणा नव्हता. हॉल नव्हता, माइक नव्हता. घाईही नव्हती, व्हिडिओ मी दोनदा लावून घेतला. समोर एक बाई, हातात मोबाइल आणि तिला फक्त एवढंच हवं होतं की तो माणूस जे बोलतोय ते तिला सांगावं. तेच सांगितलं असतं तर तिचा अर्धा कप चहा त्याच क्षणी फिटला असता.

मी म्हणालो, 'ते म्हणतायत, त्या ताईंनी प्रार्थना सोडू नये. त्यांनाही दिसेल.'

त्या थोडा वेळ पडद्यावरच्या स्वतःकडे बघत राहिल्या. मग पदरानं मोबाइल पुसून पर्समध्ये ठेवला आणि म्हणाल्या, उद्यापासून गजर साडेपाचचा लावते.